सी प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंग कॉपी केल्यावर फ्री करताना ‘इनव्हॅलिड पॉइंटर’ का येतं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकच्या बसथांब्यांची देवनागरी नावं नीट छापली जातात, पण शेवटी ‘पंचवटी’ची मेमरी फ्री करताना (म्हणजे परत देताना) प्रोग्रॅम कोसळतो. चूक पंचवटीत शोधू नका. ती यादीत त्याच्या आधी असलेल्या ‘नाशिकरोड’ची आहे.

पहिल्या लूपमध्ये तुम्ही मॅलॉककडे (मेमरी देणारं फंक्शन) स्ट्रलेनएवढीच (स्ट्रिंगची बाइटांतली लांबी) जागा मागता आणि दुसऱ्या लूपमध्ये स्ट्रकॉपीनं नाव त्या जागेत कॉपी करता. स्ट्रलेन स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट मोजत नाही, स्ट्रकॉपी मात्र तो लिहितेच. दर नावामागे एक बाइट मागितलेल्या जागेबाहेर जातो.

मग बाकीची नावं का चालतात? यूटीएफ-8 या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. काना, वेलांटी, अनुस्वारसुद्धा. ‘पंचवटी’ 18 बाइट, ‘नाशिकरोड’ नेमके 24. 64-बिट लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीचं मॅलॉक 18 मागितले तरी वापरायला 24 देतं, म्हणून जादा बाइट खपून जातो. 24 मागितले की 24च मिळतात. पंचविसावा बाइट मेमरीच्या पुढच्या, म्हणजे पंचवटीच्या, तुकड्याच्या आकाराच्या नोंदीवर पडतो, तिथले 33 पुसून 0 होतात, आणि ते फ्रीला कळतं पंचवटीची पाळी आल्यावर. एखादा प्रोग्रॅम चालतोय, एवढ्यावरून तो बरोबर आहे असं सीमध्ये कधीही धरू नका.

असली चूक नजरेनं शोधत बसू नका. जीसीसी या कंपायलरला ‘-जी’ आणि ‘-एफसॅनिटाइझ=ॲड्रेस’ हे पर्याय देऊन पुन्हा कंपाइल करा. प्रोग्रॅम पहिल्याच चुकीच्या कॉपीपाशी थांबेल आणि लिहिणारी ओळ व मॅलॉकची ओळ, दोन्ही दाखवेल. दुरुस्ती मॅलॉकच्या ओळीत करायची असते. मेमरीच्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंडही हेच सांगतं, फक्त सावकाश. पण त्यासाठी सॅनिटायझरशिवाय (‘-एफसॅनिटाइझ’ न देता) कंपाइल केलेली फाइल द्या, दोन्ही एकत्र चालत नाहीत.

दुरुस्ती: स्ट्रलेन अधिक 1 एका साइझ-टी (आकारासाठीचा प्रकार) चलात ठेवा, तेवढं मॅलॉक करा, नल आलं का (म्हणजे जागा मिळाली नाही का) ते तपासा आणि तेवढेच बाइट मेमकॉपी करा. किंवा जागा मागून कॉपीही करणारं स्ट्रडुप सरळ वापरा. सी23 पासून ते प्रमाण सीमध्येच आहे.

ठरावीक मर्यादेपर्यंतच कॉपी करणाऱ्या स्ट्रएनकॉपीकडे मात्र वळू नका. मूळ नाव मर्यादेएवढं किंवा लांब असेल तर ती शेवटचा शून्य घालतच नाही, आणि मग छापतानाच पुढची मेमरी वाचली जाते. दिलेल्या आकाराच्या बफरमध्ये लिहिणारी एसएनप्रिंटएफ शून्य घालते, पण जागा अपुरी पडली तर अक्षराच्या 3 बाइटांच्या मधेच कापू शकते. तिनं परत दिलेला आकडा बफरच्या आकाराएवढा किंवा मोठा असेल तर नाव तुटलं असं समजा. आणि बफरचा आकार देताना पॉइंटरवर साइझऑफ लावलं, तर ते पॉइंटरचाच आकार सांगतं; नाव कितीही मोठं असो, उत्तर 8च येईल.