पिंजऱ्यातले प्रश्न : आफ्रिकन ग्रे पोपट

प्रश्न : आमचा ग्रे पाच वर्षांचा आहे. दोन महिन्यांपासून छातीवरची पिसं उपटतोय, खालची लव दिसायला लागलीय. डोकं मात्र भरलेलं आहे. खातो सूर्यफुलाच्या बिया, कधी पेरू. (नाशिक)

उत्तर : डोकं भरलेलं आहे, ही तुमच्या पत्रातली सर्वांत कामाची ओळ. पक्ष्याची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे उपटणारा तो स्वतःच. डोक्यावरचीही गेली असती, तर विषाणूजन्य आजाराची किंवा शेजारच्या पक्ष्याची शंका आधी घेतली असती. तरीही पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. यकृत बिघडलं असेल किंवा पिंजऱ्याची गॅल्वनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेली) जाळी चावून जस्त पोटात गेलं असेल, तर नुसती खेळणी टांगून काही होत नाही.

तपासणी ठीक आली, तर दिनक्रम बघा. रात्री दहा-बारा तास शांत अंधार हवा. टीव्हीशेजारच्या पिंजऱ्यात तो मिळत नाही. आठवड्यातून तीन-चारदा सकाळी कोमट पाण्याचा फवारा मारा, संध्याकाळपर्यंत अंग वाळलं पाहिजे. दाणे वाटीत ओतू नका, कागदाच्या पुडीत बांधून द्या, पुडी फोडण्यात त्याचा वेळ जातो. आणि तो पीस उपटताना ओरडू नका. ग्रेला तुमचं धावत येणं हेच बक्षीस वाटतं.

सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम नगण्य आणि अ जीवनसत्त्व जवळपास नाहीच. पेलेट्सवर, म्हणजे पक्ष्यांसाठीच्या तयार गोळीखाद्यावर आणा, पण एकदम नको. पहिल्या आठवड्यात पाव भाग पेलेट्स, पुढे दीड-दोन महिन्यांत वाढवत न्या. पेलेट चावून त्याचा भुगा खाली टाकतो आणि आपल्याला वाटतं खाल्लं, इथेच बहुतेकांची फसगत होते. म्हणून रोज सकाळी खाण्याआधी ग्रॅमच्या काट्यावर वजन करा. ४५० ग्रॅमचा पक्षी ४०५ च्या जवळ आला, तर पुन्हा बिया वाढवा आणि डॉक्टरांना फोन करा. सोबत लाल भोपळा, गाजर, ढोबळी मिरची द्या. अॅव्होकाडो आणि चॉकलेट कधीच नाही.

प्रश्न : आमचा ग्रे अचानक दांडीवरून खाली पडला, पंख फडफडले, पाच मिनिटांत पूर्ववत झाला. घाबरण्यासारखं आहे का? (ठाणे)

उत्तर : आहे. ग्रेमध्ये रक्तातलं कॅल्शियम घसरून फिट येणं नेहमीचं आहे. शिसं-जस्ताची विषबाधाही अशीच दिसते, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि आयनाइज्ड कॅल्शियम (रक्तात मोकळं असलेलं कॅल्शियम) तपासायला सांगा. फिट चालू असताना तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. टॉवेल अंथरलेल्या खोक्यात, मंद उजेडात ठेवा. पुढच्या काळासाठी दांड्या खाली उतरवा.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व हवं आणि त्यासाठी ऊन. काचेच्या खिडकीतून ऊन मिळतं, असं अनेकांना वाटतं. काच नेमके ड जीवनसत्त्वाला लागणारे किरण अडवते. सकाळचं अर्धा तास उघडं ऊन द्या, पण निम्मा पिंजरा सावलीत हवा आणि माणूस जवळ हवं. समुद्रफेस (माकुळाचं हाड) टांगा, शेवग्याचा पाला आणि मोड आलेली नाचणी द्या. ड जीवनसत्त्वाचे थेंब मनाने सुरू करू नका. जास्त झाले तर मूत्रपिंडं जातात.

जाता जाता : नॉनस्टिक तवा रिकामा तापला, तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. त्याला स्वयंपाकघरात ठेवूच नका. धूप आणि अगरबत्तीही दूर ठेवा.

प्रश्न : ग्रे पाळायला परवानगी लागते का? (सांगली)

उत्तर : नोंदणी लागते. ग्रे २०१७ पासून साइट्स कराराच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची. मृत्यू किंवा हस्तांतरणही कळवायचं. आधीपासून असलेल्यांची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये संपली; राहून गेलं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या कार्यालयात जाऊन विचारा. विकत घेताना पावती आणि पायातल्या बंद कड्याचा क्रमांक जुळतो का बघा. आणि आपला देशी राघू मात्र नोंदणी करूनही पाळता येत नाही.