खडक पोखरणाऱ्या शिंपल्यांचा अभ्यास सुरू करताना

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून आंबोली वा चोर्ला घाट उतरून किनाऱ्यावर जाण्यापूर्वी खडकातील भोके ओळखायला शिकावे, असे मी आग्रहाने सुचवेन. गोकाकला घटप्रभेच्या पात्रात दिसणारे रांजणखळगे पाण्याने गरगर फिरवलेल्या गोट्यांनी कोरलेले आहेत. त्यांत कोणत्याही जीवाचा हात नाही. शिंपल्याचे बीळ मात्र तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असते, कारण इवलीशी अळी खडकावर स्थिरावते, कोरत कोरत वाढते आणि पुढे त्या तोंडातून तिला कधीच बाहेर पडता येत नाही. अन्न आणि प्राणवायू ती नळ्यांवाटे आत ओढलेल्या पाण्यातूनच मिळवते.

कोरण्याच्या रीती दोन आहेत. फोलास नावाचा शिंपला पायाने बिळाला घट्ट धरून कवचाच्या दातेरी कडा घासतो, म्हणून तो मऊ खडकात किंवा घट्ट चिकणमातीत राहतो. लिथोफागा हा दुसरा शिंपला रासायनिक स्रावाने दगड विरघळवतो, म्हणून तो चुनखडीत आणि प्रवाळात सापडतो. त्याचे स्वतःचे कवचही चुन्याचेच असल्याने त्यावरील जाड तपकिरी आवरण फार मोलाचे ठरते. फोलास अंधारात प्रकाशतो, आणि फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्युबोआ यांनी १८८७ मध्ये त्याच्यावरच जैवप्रकाशाचे रसायन उलगडले.

अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला जा, पण खडक फोडू नका. भूमध्य समुद्रातील लिथोफागाला पाच सेंटिमीटर वाढायला पंधराहून अधिक वर्षे लागतात, आणि खडक फोडूनच तो काढला जात असल्याने युरोपीय संघात त्याला कायदेशीर संरक्षण आहे.