झाडं ओळखता येतात, पण टेंडर वाचता येतं का?

प्रश्न: माझी मुलगी पुण्यात बी.एस्सी. बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे. रविवार उजाडला की पाषाण तलाव, नाहीतर वेताळ टेकडी. आमच्या नात्यातल्या एक बाई कॅलिफोर्नियात राज्याच्या वाहतूक खात्यात सीनियर जीवशास्त्रज्ञ आहेत. रस्ता कुठून न्यायचा हे ठरवताना त्यांचं मत घेतात, म्हणे. मुलीला तेच करायचंय. आपल्याकडे सरकारात अशी जागा असते का? त्यासाठी पुढे काय शिकावं? आणि स्पष्टच विचारतो, यात पोट भरतं का? – एक वडील, धायरी

उत्तर: सप्रेम नमस्कार.

त्या बाईंबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं असणार. कॅलिफोर्नियात वाहतूक खात्याच्या आस्थापनेवरच जीवशास्त्रज्ञ असतात. राज्याचा 1970चा पर्यावरण कायदा सरकारी खात्यांनाही लागू आहे, आणि त्यावर संकटग्रस्त प्रजातींचा 1973चा केंद्रीय कायदा आहे. केंद्राचा पैसा किंवा परवाना असलेल्या रस्त्याच्या वाटेत यादीतली एखादी प्रजाती आली आणि तिला बाधा पोहोचणार असेल, तर केंद्राच्या वन्यजीव खात्याशी रीतसर सल्लामसलत करावी लागते. तिला 90 दिवस, वर लेखी अभिमताला 45. हे 135 दिवस मोजायचे ते कागदपत्रं पूर्ण झाल्यापासून. एक सर्वेक्षण राहिलं तर घड्याळ सुरूच होत नाही. त्यामुळे तिथला सीनियर माणूस पक्षी कमी आणि वेळापत्रक जास्त पाहतो. तुमच्या मुलीला हे आत्ताच कळलेलं बरं.

आपल्याकडे या नावाची सरकारी जागा जवळजवळ नाही. काम मात्र आहे, ते चार-पाच दारांत वाटलेलं आहे. महापालिका, रस्ते विकास महामंडळ, जलसंपदा खातं हे प्रकल्प मांडणारे. त्यांच्यासाठी पर्यावरण परिणाम अहवाल, म्हणजे सगळे ज्याला नुसतं ‘ईआयए’ म्हणतात तो, लिहिते सल्लागार कंपनी. त्या कंपनीला ‘नॅबेट’ची, म्हणजे अशा कंपन्यांची पात्रता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता लागते आणि त्या मान्यतेत परिसंस्था व जैवविविधता हा स्वतंत्र विषय आहे, त्याच्या तज्ज्ञाची अहवालावर नावानिशी सही असते. जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अहवालाची छाननी राज्याची किंवा दिल्लीची तज्ज्ञ समिती करते. वनजमीन असेल तर वनखातं, शहरातली झाडं असतील तर वृक्ष प्राधिकरण. म्हणजे तुमची मुलगी सरकारी प्रकल्पावर काम करेल, पण पहिली काही वर्षं बहुधा सरकारच्या पगारावर नसेल.

आता कामाचा गाभा. ईआयएच्या 2006च्या अधिसूचनेखाली बहुतेक प्रकल्पांना एका हंगामाची मूळ माहिती, म्हणजे काम सुरू होण्याआधीची स्थिती, मागतात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून. हवेच्या नमुन्यांसाठी हे ठीक आहे, कारण पावसात धूळ बसते आणि आकडे चांगलेच येतात. पण पुण्याच्या टेकड्यांचं सगळं वैभव जून ते ऑक्टोबरमध्ये असतं. सिंहगड-पुरंदरच्या बाजूला सेरोपेजिया, म्हणजे आपलं कंदीलपुष्प, पावसाळ्यात वर येतं. एप्रिलमध्ये त्या जागी करडं गवत आणि दगड. कंद मातीखाली झोपलेला. सर्वेक्षण करणारा मुलगा प्रामाणिकपणे लिहितो, ‘दुर्मीळ वनस्पती आढळल्या नाहीत.’ वाक्य खोटं नाही, पण त्यावर घेतलेला निर्णय चुकतो. जाणता माणूस इथे दोन गोष्टी करतो: कामाची व्याप्ती ठरते त्याच वेळी पावसाळी फेरी लिहून घेतो, आणि ते जमलं नाही तर अहवालात ‘सर्वेक्षण कोणत्या तारखांना केलं’ ही ओळ ठळक टाकतो. धरणांसारख्या नदीखोरे प्रकल्पांना तीन हंगामांची माहिती लागते, तिथे हा प्रश्न कमी येतो.

दुसरी अडचण क्षेत्राची. अभ्यास साधारण 10 किलोमीटर त्रिज्येत करायचा असतो. म्हणजे 314 चौरस किलोमीटर, आणि हातात बहुतेक वेळा आठ-दहा दिवस. तेव्हा कुठे जायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. उपग्रह नकाशावर ओढे, गवताळ पट्टे, जुनी झाडी आणि पाणवठे वेगळे काढायचे आणि प्रत्येकात नमुन्यादाखल थोडे चौकोन आखून त्यातल्या वनस्पती मोजायच्या: झाडांसाठी 10 बाय 10 मीटर, झुडपांसाठी 5 बाय 5, गवत-वनौषधींसाठी 1 बाय 1. गाडी जिथपर्यंत जाते तिथेच चौकोन पडले की यादी रस्त्याकडेच्या घाणेरी आणि गाजरगवताची होते. त्याहून वाईट म्हणजे जुन्या अहवालातली यादी उचलून चिकटवणे. समितीत एखादा जाणकार बसलेला असतो आणि माळरानाच्या यादीतला सदाहरित जंगलातला पक्षी त्याच्या नजरेतून सुटत नाही. मुद्दाम खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर त्या अधिसूचनेखाली अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते.

सासवड, सुपे, इंदापूर या पट्ट्यात तर नोंदीच फसवतात. कागदावर ‘पडीक’, प्रत्यक्षात माळरान. तिथे लांडगा आणि चिंकारा, दोघेही वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मधले, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीतले. दुपारी जीप फिरवून यातलं काही दिसत नाही. पहाटे ठसे आणि विष्ठा बघावी लागते, आणि मेंढ्या चारणाऱ्या धनगराशी तासभर बसावं लागतं. लांडग्याची वाट त्याला माहीत असते, कारण त्याची मेंढरं जातात.

शहरात खेळ वेगळा आहे. पुण्यातल्या नेहमीच्या रस्त्यारुंदीला किंवा उड्डाणपुलाला बहुतेक वेळा ईआयए लागतच नाही. लागते ती 1975च्या वृक्ष कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी. इथे बॉटनीवाली मुलगी खरी उपयोगी पडते. 2021च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांहून जुनं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. म्हणजे झाडाचं वय हा आता पैशाचा प्रश्न झाला. वय काढतात घेरावरून, आणि चुका तिथेच होतात. घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून 1.37 मीटरवर मोजायचा. कुणी टेपने घेर मोजतं आणि तक्त्यात व्यासाच्या रकान्यात भरतं; 1 मीटर घेर म्हणजे व्यास जेमतेम 32 सेंटिमीटर, एका रकान्याच्या चुकीत आकडा तिपटीने फुगतो. खोड छातीच्या उंचीखाली दुभंगलं असेल तर झाड एक, मापं दोन. ते दोन ओळींत गेलं की झाडांची संख्याच बदलते. आणि एकाच घेराचा गुलमोहर नि चिंच यांना एकच वय लावणं म्हणजे शुद्ध आळस: गुलमोहर झपाट्याने वाढतो, चिंच सावकाश. मार्चमध्ये पानं झडलेली असताना केलेल्या यादीत ‘अनोळखी’ हा शब्द किती वेळा येतो, ते मोजलं तरी यादीचा दर्जा कळतो.

सीनियर म्हणजे काय, तर हे सगळं ज्याला येतं आणि शिवाय टेंडर वाचता येतं तो. मंजुरीपत्रात अट असते: ओढ्यावर प्राण्यांना जाण्याजोगी मोरी ठेवा, पावसाळ्यात काठ उकरू नका, झाडांचं पुनर्रोपण करा. पण ठेकेदार मंजुरीपत्र बघून काम करत नाही, तो बिल ऑफ क्वांटिटीज, म्हणजे टेंडरमधली कामं आणि मापं यांची यादी, तिच्यातल्या ओळी बघून करतो. पुनर्रोपणाच्या झाडांना तीन वर्षं पाणी घालायची ओळ तिथे नसेल, तर पाणी पडत नाही आणि झाड दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं. तेव्हा आराखडा गोठण्याआधी, म्हणजे डीपीआर (सविस्तर प्रकल्प अहवाल) चालू असतानाच, अभियंत्याला ‘इथे पाइप नको, 4 मीटरची बॉक्स मोरी दे, आणि आत एका बाजूला कोरडी पायवाट ठेव’ असं मापासकट सांगता आलं पाहिजे. ‘वन्यजीवांची काळजी घ्यावी’ या वाक्याचा अभियंत्याला काही उपयोग नाही. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर वन्यप्राण्यांसाठी जे भुयारी मार्ग झाले, त्यातला सर्वात मोठा 750 मीटरचा आहे. मुलीला त्यांची रेखाचित्रं मिळवून बघायला सांगा. मोरी आणि भुयारी मार्ग यांत उंची, रुंदी, उजेड, आवाज यांचा विचार कुठे बदलतो, हे त्यावरून कळतं.

शिक्षणाचं सांगतो. माझ्या मते तिने एम.एस्सी. बॉटनी (टॅक्सॉनॉमी, म्हणजे वनस्पती ओळखून त्यांचं वर्गीकरण करणं) किंवा जैवविविधता घ्यावी, सर्वसाधारण पर्यावरणशास्त्र नको. पर्यावरणशास्त्राचा अभ्यासक्रम रुंद असतो, पण बाजारात माणूस कमी पडतो तो गवत आणि वेली ओळखणारा. गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचा एम.एस्सी. आहे; विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था हेही पर्याय आहेत. दोन ठिकाणं तिने पाठ करावीत: कोरेगाव रस्त्यावरचं बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं कार्यालय आणि आकुर्डीचं झूऑलॉजिकल सर्व्हेचं केंद्र. नमुना घेऊन जायचं, हर्बेरियममध्ये कागदावर चिकटवून जपलेल्या वाळक्या नमुन्याशी ताडून बघायचं. त्याला पैसा फारसा लागत नाही. सोबत क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर शिकावं, तेही फुकट आहे.

सरकारी नोकरीच हवी असेल तर एक बारकावा. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला पदवीत बॉटनी, झूऑलॉजी, भौतिक, रसायन, गणित, भूशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरलेले विषय (किंवा कृषी, वानिकी, अभियांत्रिकी) लागतात. त्या यादीत पर्यावरणशास्त्र नाही. तुमच्या मुलीची बॉटनीची पदवी चालते. आज बारावीत असलेली मुलं इथे फसतात. एमपीएससीची वनसेवाही आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळात जागा निघतात, पण तिथलं काम मुख्यतः सांडपाणी आणि धुराड्यांचं. टेकड्या तुडवणाऱ्या मुलीला ते कंटाळवाणं वाटेल.

पोटाचं. सुरुवातीला कंपन्या दिवसाच्या हिशोबावर, कंत्राटावर घेतात आणि पैसे उशिरा देतात. फेरीला निघण्याआधी प्रवासखर्च लेखी ठरवावा, आणि एकटीने जाऊ नये, जोडीने जावं. हे मुलगी म्हणून नाही, पाय मुरगळला तर म्हणून. तज्ज्ञ म्हणून सही करण्याइतका अनुभव झाला की उत्पन्न स्थिरावतं. पण त्या सहीबरोबर फोनही येतात: ‘मॅडम, तेवढं चिंकाऱ्याचं वाक्य काढता आलं तर...’ वाक्य काढलं नाही तर पुढचं काम मिळत नाही, असंही घडतं. तिच्या स्वभावात अशा फोनला शांतपणे ‘नाही’ म्हणणं आहे का, हे मला पत्रावरून कळणार नाही. तुम्हाला कळेल.

तोवर या पावसाळ्यात तिला एक काम द्या. वेताळ टेकडीचा एकच उतार, 1 बाय 1 मीटरचे 10 चौकोन, जीपीएससह. जूनच्या शेवटी, ऑगस्टच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्याच चौकोनांत जायचं, फोटो काढायचे, काही उपटायचं नाही. मग यादी तज्ज्ञांकडून तपासून घ्यायची आणि ते चौकोन महापालिकेच्या विकास आराखड्याच्या नकाशावर बसवायचे. यातलं शेवटचं काम तिने उत्साहाने केलं, तर मला पुन्हा पत्र पाठवा. कोणत्या कंपन्यांकडे अर्ज करावा, ते तेव्हा सांगतो.