'अंतिम तिथी' की 'शेवटची तारीख'?

प्रश्न असा : एका ॲपच्या मराठी रूपात 'जन्मतिथी' आणि 'अर्जाची अंतिम तिथी' असं लिहिलंय. तिथी आणि तारीख एकच ना?

नाही. हिंदीत 'तिथि' दोन्ही अर्थांनी चालतो. तोच उचलून थि दीर्घ केला की झालं मराठी, असा हा मामला. मराठीत फरक पक्का आहे. शिवजयंती तारखेनुसार १९ फेब्रुवारीला, तिथीनुसार फाल्गुन वद्य तृतीयेला. तेव्हा 'जन्मतारीख' आणि 'अर्जाची शेवटची तारीख' लिहा. सरकारी थाटच हवा असेल तर 'अंतिम दिनांक' म्हणा.

प्रोग्रामरलाही या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवाव्या लागतात. तारीख साठवायची २०२४-०४-०९ अशी, वेळेशिवाय. तिला वेळ चिकटवली की घोटाळा होतो : आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीप्रमाणे (जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे) आदल्या दिवशीचे १८:३०. पुढे कोणी नुसता तारखेचा भाग कापून घेतला की जन्मतारीख एक दिवस मागे!

तिथीचं गणित आकाशातलं. चंद्राच्या भोगांशातून (आकाशातल्या अंशांत मोजलेल्या स्थानातून) सूर्याचा भोगांश वजा करा (उत्तर उणे आलं तर ३६० मिळवा), १२ने भागा, पूर्णांकात १ मिळवा. १ ते १५ शुद्ध पक्ष, पुढचे वद्य. तिथी साधारण १९ ते २६ तास टिकते आणि दिवसाला सूर्योदयाची तिथी मिळते; म्हणून कधी क्षय (तिथी गळते), कधी वृद्धी (तीच तिथी दोन दिवस येते), आणि म्हणूनच गणिताला गावही लागतं. तिथीचा रकाना ठेवायचाच तर महिना, पक्ष, क्रमांक आणि महिना अधिक आहे का, एवढं ठेवा. शिवाय महिना अमान्त (अमावास्येला संपणारा) की पौर्णिमान्त (पौर्णिमेला संपणारा) हेही नोंदवा, कारण आपली फाल्गुन वद्य तृतीया उत्तरेकडच्या पंचांगात चैत्र कृष्ण तृतीया असते.

एक खाचखळगा राहिला. जावास्क्रिप्टमध्ये 'इंडियन' कॅलेंडर मागितलं की चैत्र, वैशाख अशी नावं येतात आणि पंचांग मिळाल्यासारखं वाटतं. पण ती १९५७ साली स्वीकारलेली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका आहे. तिचा १ चैत्र २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला. ९ एप्रिल २०२४ला गुढीपाडवा होता, चैत्र शुद्ध प्रतिपदा. हे कॅलेंडर त्या दिवशी २० चैत्र १९४६ दाखवतं. तिथे लेबल 'भारतीय सौर दिनांक' असंच द्या.