टेकलाइव्ह काढले, तरी डिस्क भरलेलीच

प्रश्न : राजारामपुरीत माझा डीटीपीचा व्यवसाय आहे. गणिताच्या एका मराठी पुस्तकासाठी उबुंटूवर 'टेकलाइव्ह-फुल' हे 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीचे पॅकेज टर्मिनलवरून बसवले. डिस्क भरत आल्याने 'सुडो ॲप्ट-गेट रिमूव्ह टेकलाइव्ह-फुल' अशी आज्ञा दिली. काम क्षणात झाले, पण जागा मोकळी झालीच नाही. ते पूर्ण कसे काढावे आणि मराठीसाठी नेमके काय बसवावे? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली आज्ञा चुकलेली नाही. 'टेकलाइव्ह-फुल' हे पॅकेज स्वतः जवळजवळ रिकामे असते. कोणकोणती पॅकेजे हवीत याची ती केवळ यादी आहे. आपण यादी काढलीत, पण तिच्यामुळे आलेला कित्येक गिगाबाइटचा पसारा जागच्या जागी राहिला. यादी फाडली म्हणून घरात आलेला किराणा परत जात नाही, तसेच हे झाले.

तो काढण्यासाठी 'सुडो ॲप्ट-गेट ऑटोरिमूव्ह --पर्ज' ही आज्ञा द्यावी. नुसत्या 'रिमूव्ह'ने इटीसी फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाइली मागे राहतात, 'पर्ज'ने त्याही जातात. मात्र दुसऱ्या एखाद्या पॅकेजाने टेकलाइव्हचा भाग नुसता सुचवलेला असला, तरी ॲप्ट, म्हणजे पॅकेजे बसवणारा आणि काढणारा उबुंटूचा प्रोग्राम, तो भाग राखून ठेवते. तसे झाल्यास 'सुडो ॲप्ट पर्ज 'टेकलाइव्ह-*'' असे लिहावे. तारांकित नाव एकेरी अवतरणात ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम, त्या ताऱ्याचा अर्थ आपल्या फोल्डरमधल्या फाइलींशी जोडू शकते. या आज्ञा रोमन लिपीतच टंकायच्या आहेत. उच्चार 'टेक' असला, तरी शेवटचे अक्षर 'एक्स' आहे. आधी 'ॲप्ट'नंतर '-एस' जोडून नुसती तालीम करावी आणि जाणाऱ्या पॅकेजांची नावे एकेक करून वाचावीत, कारण टेकलाइव्हवर अवलंबून असलेला आपला एखादा मजकूर संपादित करण्याचा प्रोग्रामही त्यांत असू शकतो. माझा हा आग्रह आहे. होकाराचे 'वाय' दाबण्याची घाई फार महागात पडते.

आपण ॲप्ट-गेट वापरल्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेल्या पॅकेजांच्या फाइलीही साठून असतील. त्या 'सुडो ॲप्ट-गेट क्लीन'ने जातात. होम फोल्डरला यांतली कोणतीही आज्ञा हात लावत नाही. तिथले टेकलाइव्ह आणि वर्षाचा आकडा अशा नावाचे लपलेले फोल्डर खुशाल काढावे, पण 'टेक्सएमएफ' फोल्डरमध्ये आपण स्वतः केलेल्या स्टाइल फाइली असतील, तर त्यांची प्रत आधी घ्यावी.

मराठीसाठी जोनाथन क्यू यांनी २००४ साली आणलेले झीटेक हे 'टेक'चे रूप पुरेसे आहे, कारण ते युनिकोड मजकूर आणि संगणकातले फॉन्ट थेट वाचते. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल --नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' यापुढे टेकलाइव्ह-झीटेक, टेकलाइव्ह-लाटेक-रेकमेंडेड आणि फॉन्ट्स-लोहित-देवा ही तीन नावे द्यावीत. वळिवात वीज जाऊन काम अर्ध्यावर थांबले, तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'ने ते पुढे सुरू करता येते.

पुस्तकाच्या टेक फाइलीत फॉन्ट निवडण्याचे 'फॉन्टस्पेक' हे पॅकेज घेऊन फॉन्टच्या नावासोबत 'स्क्रिप्ट=देवनागरी' हा पर्याय न विसरता लिहावा. पुस्तक जुळवायला घेण्यापूर्वी 'स्थिती' हा एकच शब्द छापून पाहावा : 'स्' आणि 'थ' सुटे दिसले किंवा पहिली वेलांटी 'स्थ'च्या उजवीकडे गेली, तर तो पर्याय लिहायचा राहिला आहे.