बायबलातल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातला (९:१) ‘हद्राख देश’ खरा आहे की सांकेतिक? आणि ती भविष्यवाणी सिकंदराच्या वेळी पूर्ण झाली का?

हद्राख खरं ठिकाण आहे. तुमच्या वर्गातल्या सरांनी ‘हद्’ म्हणजे तीक्ष्ण, ‘राख’ म्हणजे मऊ, अशी फोड करून ते मशीहाचं, म्हणजे येणाऱ्या तारणाऱ्याचं, गुप्त नाव असल्याचं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. हीच फोड मी पंचवीस वर्षांपूर्वी ऐकली आहे आणि तिचा राग अजून गेलेला नाही. त्यामुळे उत्तर लांबेल.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. आमची आडनावं गावांवरून पडली: पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. पूर्वजांचा धंदा तेलाचा. शनिवारी घाणा बंद म्हणून लोक ‘शनवार तेली’ म्हणायचे. माझ्या आजीचं माहेर किहीम.

मी कॉलेजात होतो तेव्हा ठाण्याला आमच्या काही कुटुंबांसाठी एक गृहस्थ शास्त्र शिकवायला यायचे. हिब्रू चांगली होती त्यांची, ते नाकारत नाही. एका संध्याकाळी त्यांनी हद्राख घेतलं. इतर राष्ट्रांशी तीक्ष्ण आणि इस्राएलाशी मऊ, असा तो मशीहा, असं सांगितलं. सगळे खूश झाले. मग त्यांना आणखी चेव आला. म्हणाले, तुमच्या गावांच्या नावांतही हिब्रू दडलेली आहे. किहीम म्हणजे ‘हायिम’, म्हणजे जीवन.

आजी मागच्या खुर्चीवर बसली होती. ती उठून उभी राहिली. गुडघे दुखायचे तिचे, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उठली. म्हणाली, “अहो, गाव आहे ते. अलिबागहून मांडव्याच्या रस्त्याला लागा, चोंढीला उतरा, तिथून समुद्राकडे चालत जा. माझ्या बापाचा घाणा होता तिथं. हायिम-बियिम कोणी म्हणत नाही.”

ते हसले. “आजी, तो वरवरचा अर्थ झाला. आतला वेगळा असतो.” लोकही हसले. आजी खाली बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, पुढे एक शब्द बोलली नाही. त्या वर्गाला ती परत कधी आली नाही.

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. ते सापडलं बऱ्याच वर्षांनी, आजी गेल्यावर. सरांनी सांगितलेली ती फोड रब्बी यहूदा यांची. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातले मोठे गुरू. ती ‘सिफ्रे’ नावाच्या जुन्या भाष्यात, बायबलातल्या ‘अनुवाद’ (Deuteronomy) या पुस्तकावरच्या, अगदी पहिल्या भागात आहे. पण तिथे गोष्ट संपत नाही! लगेच रब्बी योसे बेन दुरमस्कीत उठतात. नावाचा अर्थच ‘दिमिष्कातल्या (म्हणजे दमास्कसच्या) बाईचा मुलगा’. ते म्हणतात: यहूदा, शास्त्रवचनं अशी वाकडी का करतोस? मी आकाश आणि पृथ्वी साक्षीला ठेवून सांगतो, मी दिमिष्काचा आहे आणि तिकडे हद्राख नावाचं ठिकाण आहे.

हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि रडलो. अठराशे वर्षांपूर्वी कोणीतरी आजीचंच वाक्य बोलून ठेवलं होतं, आणि भाष्यकारांनी ते पुसलं नाही, जपलं. आमच्या सरांनी मात्र अलीकडचा अर्धा भाग सांगितला आणि पलीकडचा गाळला. त्यांना तो ठाऊक नसेल हे मला पटत नाही. एकाच परिच्छेदात आहे.

आता दगडाचा पुरावा. १९०३ मध्ये आंरी पोन्यों या फ्रेंच वाणिज्यदूताला सीरियात, अलेप्पोच्या नैर्ऋत्येला तेल आफिस इथे एका शिलालेखाचे तुकडे मिळाले. ते आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. भाषा अरामी, काळ इसवी सनपूर्व ८०० च्या आसपास. सीरियातल्या हमाथ आणि लुआश या राज्यांचा राजा झक्कूर त्यात सांगतो की हजाएलाचा मुलगा बार-हदाद अनेक राजे जमवून आला, ‘हझ्रक’ला वेढा घातला, हझ्रकच्या तटाहून उंच तट उभारला, त्याच्या खंदकाहून खोल खंदक खणला. तेव्हा मी बालशमायीन देवापुढे हात वर केले आणि द्रष्ट्यांच्या तोंडून उत्तर आलं: भिऊ नकोस. हे हझ्रक म्हणजेच हद्राख. अरामीत पूर्वी ‘झ’ लिहायचे तिथे पुढे ‘द’ आला. हिब्रूत सोनं ‘झहाव’, अरामीत ‘दहव’, तसंच. अश्शूरी नोंदींत हेच नाव ‘हतारिक्का’ असं येतं. जखऱ्यातही हद्राखच्या शेजारी दिमिष्क आणि हमाथच आहेत, म्हणजे संदर्भ तिथल्या तिथेच होता.

सिकंदराबद्दल थोडक्यात. त्याने इसवी सनपूर्व ३३२ मध्ये सोर (टायर) शहर सात महिन्यांच्या वेढ्यानंतर घेतलं, मग गाझा. जखऱ्याच्या त्या अध्यायातला शहरांचा क्रम त्याला जुळतो म्हणून बरेच जण तो काळ धरतात. पण हतारिक्कावर अश्शूरी फौजा इसवी सनपूर्व ७७२, ७६५ आणि ७५५ मध्ये चालून गेल्या होत्या आणि ७३८ मध्ये तो त्यांचा प्रांत झाला. हद्राखचा दबदबा त्या काळातला. मला ते शब्द जुने वाटतात, अर्थात यावर एकमत नाही.

आणखी एक सांगायला हवं. योसे यांनीही पुढे त्याच वचनाचा मोठा अर्थ लावलाच: यरुशलेम एक दिवस दिमिष्कापर्यंत पसरेल. म्हणजे आतला अर्थ शोधायला माझी हरकत नाही. तेल आफिस म्हणजेच हद्राख हेही बहुतेक अभ्यासक मानतात, सगळे नाही. पण गाव आधी जागेवर राहू द्यावं.

पुढच्या वर्गाला तुमच्या सरांना सिफ्रेतला तो परिच्छेद शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला सांगा. आणि मागे कोणी म्हातारं माणूस बसलं असेल तर त्यालाही विचारा, तुमचं गाव कोणतं म्हणून.