गुडघा दुखत नाही, मग आखाड्यात कधी उतरू?

प्रश्न : माझं वय २१, वजन ७४ किलो. मॅटवर एकेरी पट काढताना (समोरच्याचा एक पाय धरून त्याला पाडताना) गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं हाडांना जोडणारं लिगामेंट, तुटलं. मांडीच्या मागची शीर घेऊन दुर्बिणीतून नवीन लिगामेंट बसवलं, त्याला साडेचार महिने झाले. दुखत नाही, सूज नाही, सरळ पळताही येतं. वस्ताद म्हणतात, बैठका सुरू कर आणि हलक्या लढती घे. डॉक्टर म्हणतात, नऊ महिने थांब. आमच्या जत्रेचं मैदान तीन महिन्यांवर आलंय. काय करू?
— एक पैलवान, करवीर तालुका

उत्तर : या वर्षीचं जत्रेचं मैदान सोडा. लढत हलकी असो वा भारी, आत्ता नको. वस्तादांचं अर्धं म्हणणं मात्र बरोबर आहे. व्यायाम आता जोरात सुरू व्हायलाच हवा, फक्त बैठका नेहमीच्या पद्धतीने मारायच्या नाहीत.

दुखत नाही म्हणजे लिगामेंट तयार झालं, असं नसतं. मांडीतून काढलेल्या शिरेचा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीचा, रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर तिच्यात नव्या रक्तवाहिन्या घालतं आणि हळूहळू तिचं लिगामेंट बनवतं. या उलाढालीत, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ती ऑपरेशनच्या दिवसापेक्षाही कमजोर असते. पुढे ती घट्ट होत जाते, पण हे काम वर्ष उलटून गेलं तरी चालूच राहतं आणि आतून त्याची काहीच खबर लागत नाही. सरळ पळताना एसीएलवर फारसा ताण येत नाही. त्याचं खरं काम नडगी पुढे सरकू न देणं आणि गुडघा पिळू न देणं हे आहे. पट काढायला शिरलात, पाय मॅटला रोवलेला आहे, बुटाची पकड घट्ट आहे आणि समोरच्याने अंगावर वजन टाकलं, की गुडघा आत कोसळून फिरतो. पहिल्यांदा तुटला तो असाच. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की अशा वळणा-पिळण्याच्या खेळात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका घटला. महिन्यागणिक जवळपास निम्म्याने. डॉक्टरांचे नऊ महिने तिथून आलेत. आणि नऊ महिने ही किमान मर्यादा आहे. तेवढे दिवस भरले म्हणून कुणी आपोआप तयार होत नाही.

तयारी तपासायची कशी? आधी गुडघा पूर्ण सरळ होतो का ते पाहा. पलंगावर पालथे झोपा. मांड्या गादीवर, गुडघ्याच्या वाट्या कडेच्या जरा बाहेर आणि पोटऱ्या मोकळ्या लोंबू द्या. दोन्ही टाचा एका उंचीवर हव्यात. ऑपरेशनच्या पायाची टाच वर राहत असेल, तर दर सेंटिमीटरला साधारण एक अंश सरळपणा कमी आहे असं धरा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक दिसला तर फिजिओथेरपिस्टला लगेच दाखवा. कधी कधी सांध्यात पुढच्या बाजूला व्रणाची गाठ अडकलेली असते आणि ती व्यायामाने जात नाही. शिवाय गुडघा पूर्ण सरळ होत नसेल तर मांडीचा पुढचा स्नायू कधीच पुरा भरत नाही.

मग टेप घ्या. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटर वर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजा आणि दर पंधरा दिवसांनी वहीत लिहा. घेरावरून अंदाज येतो, ताकद मात्र मशीनवरच मोजावी लागते. ऑपरेशनच्या पायाच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के हवी. यात एक फसगत आहे. एवढे महिने तालीम बंद राहिल्याने चांगला पायही उतरलेला असतो आणि उतरलेल्या पायाचे ९० टक्के म्हणजे फार काही नव्हे. म्हणून दोन्ही पाय कसून तयार करा.

आता बैठका. आपली देशी बैठक चवड्यावर, पूर्ण खाली आणि झोक्याने मारतात, तीही शेकड्यांत. पाय दमला की गुडघा आत झुकतो आणि शरीर नकळत सगळा भार चांगल्या पायावर टाकतं. शंभर बैठका होतात, पण दुबळा पाय दुबळाच राहतो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर दोन वजनकाटे शेजारी ठेवा, एकेका पायाखाली एक घ्या आणि सावकाश अर्धी बैठक मारा. एका काट्यावर ४५ आणि दुसऱ्यावर २९ दिसले, तर चोरी कुठे होतेय ते कळेल.

सुरुवात गुडघ्याएवढ्या उंच बाकापासून करा. तीन मोजत खाली, बाकाला टेका, वर. दहाचे तीन सेट, दोन्ही काटे सारखे येईपर्यंत. नंतर एका पायावर, २० सेंटिमीटरच्या पायरीवरून टाच हळू खाली टेकवणं. आरशात पाहा, वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेतच राहिली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर आदल्या दिवशीचं प्रमाण जास्त झालं. दोन दिवस एक पायरी खाली या. हा नियम शेवटपर्यंत पाळायचा.

तुमची शीर मांडीच्या मागून घेतलीय, म्हणून मागचा स्नायू वेगळा घडवावा लागेल. पाय खोल दुमडलेला असताना त्याची ओढ बराच काळ कमी राहते आणि टांग मारताना, पाय अडकवून धरताना नेमकी तीच लागते. पाठीवर झोपून कंबर उचला, टाचेखाली फडकं ठेवून गुळगुळीत फरशीवर टाचा आत-बाहेर सरकवा. आधी दोन्ही पायांनी आणि फिजिओने हो म्हटलं की एका पायाने.

जोर खुशाल मारा. दोर चढा, पण उतरताना उडी टाकू नका, हातांनीच खाली या.

सहाव्या महिन्याच्या आसपास, सूज नसेल आणि ताकद साथ देत असेल, तर दोन पायांवर उडी आणि मऊ उतरणं, मग एका पायावर. सातव्यात जोडीदाराशिवाय पवित्रा, पाय बदलणं, दिशा बदलणं. आठव्यात ठरवून दिलेला डाव आणि प्रतिकार न करणारा, तुमच्याइतक्याच किंवा कमी वजनाचा जोडीदार. तो वस्तादांनी स्वतः निवडावा. खेळता खेळता ईर्ष्येला पेटणारा मित्र इथे घातक आहे. त्यानंतर कमरेच्या वरची पकड, पट कुणीच काढायचा नाही. खुली लढत नऊ महिन्यांनंतर, तीही ताकदीची मोजणी आणि एका पायावरच्या उड्यांच्या चाचण्या दोन्ही पायांत ९० टक्क्यांवर जुळल्या तरच. मैदानात उतरायच्या आधी किमान महिनाभर तालमीत खुल्या लढती झालेल्या असाव्यात. फिजिओकडे पुढच्या वेळी वस्तादांना सोबत न्या. दोघांनी एकमेकांचं ऐकलं की तुमची ओढाताण थांबेल.

खुराकाचं प्रमाण बदला. रोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं घ्या, म्हणजे तुम्हाला १२० ते १५० ग्रॅम. एक लिटर दुधातून ३२-३३ ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून ६. तूप-बदाम मात्र मेहनत वाढेल तसे वाढवा. आणि वजनगट गाठायला उपाशी राहण्याचं हे वर्ष नाही.

ज्यांचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पोटरी दुखते, ताठरते, एकाच पायाची सुजते, तर ती कुणाकडूनही रगडून घेऊ नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि दम लागला किंवा छातीत दुखलं तर तडक रुग्णालय. दुसरं म्हणजे जखम पूर्ण भरून खपली पडेपर्यंत लाल मातीत पाय नको. मातीत हळद, ताक, तेल असतं म्हणून ती जंतुविरहित होत नाही.

प्रश्न : कराटेच्या वर्गातल्या मैत्रिणीचं आणि माझं मेनिस्कसचं ऑपरेशन झालं. ती सहा आठवड्यांत किक मारू लागली. मला चार-सहा महिने थांबायला सांगितलंय आणि खोल बसायलाही बंदी आहे. माझं काही बिघडलंय का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : बहुधा नाही. मेनिस्कस म्हणजे गुडघ्यातल्या हाडांमधली गादी. तिच्या गादीचा फाटलेला तुकडा कापून काढला असेल आणि तुमची गादी शिवली असेल. डिस्चार्ज कार्ड पाहा, तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. कापल्यावर भरून यायचं काही उरत नाही, म्हणून परतणं लवकर होतं. शिवल्यावर टाके धरेपर्यंत जपावं लागतं. गुडघा ९० अंशांच्या पुढे वाकवून वजन टाकलं, की मांडीचं हाड गादीच्या मागच्या भागावर सरकतं आणि टाका ओढला जातो. म्हणून पहिले चार-सहा आठवडे खोल वाकणं नाही, आणि पूर्ण खाली बसणं चार महिन्यांनंतरच. भारतीय पद्धतीचं शौचालयही त्यात आलं, हे बरेच जण विसरतात. तुमची गादी वाचवलीय. पुढची वीस-तीस वर्षं पाहता हाच सौदा चांगला.

प्रश्न : वय ६३. कराटे शिकवतो. डाव्या गुडघ्याचा सांधा बदलून पाच महिने झाले, ११५ अंशांपर्यंत वाकतो. वर्गाच्या सुरुवातीला सेझामध्ये बसता येईल का? काता आणि किकचं काय?
— एक प्रशिक्षक, मडगाव

उत्तर : सेझा, म्हणजे आपलं वज्रासनच, त्याला गुडघा १५० अंशांच्या आसपास वाकावा लागतो. कृत्रिम सांधा बहुतेकांना ११० ते १२५ देतो. अंगाचं वजन टाकून तो दाबून वाकवू नका. उभ्याने नमस्कार करा, विद्यार्थ्यांना त्यात काही वावगं वाटणार नाही.

काता, म्हणजे एकट्याने करायची ठरलेली हालचालींची मालिका, जरूर करा. झेनकुत्सू-दाची (पुढचा गुडघा वाकवलेला लांब पवित्रा) उंच ठेवा. वळताना आधी टाच उचला, मग चवड्यावर फिरा. अनवाणी तळवा मॅटला चिकटलेला असताना वळलात, तर सगळा पीळ सांध्यावर येतो. माए-गेरी (समोरची किक) कमरेपर्यंत चालेल, पण हवेत गुडघा झटका देऊन पूर्ण ताणू नका. उजव्या पायाने मावाशी-गेरी (गोल फिरवून मारायची किक) मारताना डावा पाय आधाराचा असतो, म्हणून तीही खालीच. जड बॅग, उड्या आणि कुमिते (जोडीदाराशी लढत) कायमचे बंद. धातूच्या मधली प्लास्टिकची चकती झिजते, बसवलेला भाग सैल होऊ शकतो आणि पडल्यास त्याच्या आजूबाजूचं हाड मोडतं. ते दुरुस्त करणारं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच अवघड असतं.

वर्ग अनवाणी असल्याने पायाच्या बोटांमधल्या भेगा, नखाचा पू, मॅटवर सोललेली कातडी याकडे रोज लक्ष द्या आणि पिकल्यास लगेच उपचार घ्या. तिथले जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. सांधा अचानक गरम झाला, सुजला किंवा ताप आला, तर घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या घेऊ नका. सांध्यातलं पाणी तपासायच्या आधी गोळ्या पोटात गेल्या, तर जंतू ओळखणं कठीण होतं. त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा.